स्कॉटलंड खरंच वेगळं झालं तर खर्च कोणाच्या खिशातून? (एडिंबरात घर घ्यावं की थांबावं)

लीथवाला_नवखा

नमस्कार मंडळी. एडिंबरात येऊन दोन वर्षं झाली, मी आयटीत, बायको केअर होममध्ये नर्स. भाडं भरून भरून जीव गेलाय म्हणून आता घर घ्यायचं मनात आहे, ब्रोकरशी एकदा बोलणंही झालं. तर झालं असं की परवा ऑफिसात जेवताना हा विषय निघाला आणि आमच्यातला एक म्हातारा स्कॉटिश सहकारी म्हणाला, घे रे घर, पण तीस वर्षांचं कर्ज ज्या पाउंडात घेतोयस त्याच पाउंडात तीस वर्षं पगार मिळेल याची खात्री आहे का तुला? सगळे हसले. मीपण हसलो. रात्री झोप लागेना.

त्यावर समोरची एकजण म्हणाली हीच भीती घालून घालून तुम्ही लोकांनी २०१४ ला घात केला, मग त्या दोघांची अशी जुंपली की मी गुपचूप डबा आवरून उठलो.

२०१४ ला मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, यूकेतून वेगळं व्हायचं का या सार्वमतात ५५-४५ ने 'नको' झालं एवढंच पेपरात वाचलेलं आठवतं. आता मात्र समजून घ्यायचंय. समजा झालंच वेगळं, तर नेमका खर्च कशाकशाचा, तो भरणार कोण, आणि माझ्यासारख्याचा पगार-कर्ज-पेन्शन यांचं काय? नेटवर शोधलं तर एकजण म्हणतो भिकेला लागतील, दुसरा म्हणतो नॉर्वे होईल. अधलंमधलं कोणी सांगतच नाही.

ग्लासगोकर

झोप कशाला उडवून घेताय. पण विषय काढलाच आहात तर चहा घेऊन बसतो.

मी २००९ पासून ग्लासगोत आहे आणि २०१४ ला मतदान केलंय, तेव्हा माझा पासपोर्ट भारतीयच होता. इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना मत होतं, युरोपातल्या लोकांना होतं, सोळा वर्षांच्या पोरांना होतं, आणि जन्माने पक्का स्कॉटिश पण लंडनला राहणारा, त्याला नव्हतं. काय जळफळाट झाला होता त्या लोकांचा! मत कुणाला दिलं ते विचारू नका, अजून घरातही सांगितलेलं नाही.

१८ सप्टेंबर, ८४.६ टक्के मतदान. आमचं ग्लासगो आणि डंडी 'हो' म्हणाले, तुमचं एडिंबरा 'नको'. आमच्या गल्लीत खिडक्याखिडक्यांत पोस्टर, न्हाव्याच्या दुकानात चलन या विषयावर चर्चा, मी आयुष्यात न्हाव्याला मध्यवर्ती बँक या विषयावर बोलताना ऐकलं नव्हतं ते तेव्हा ऐकलं.

आता खर्चाचं. आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा ते सांगतो. मे २०१४ मध्ये एकाच दिवशी दोन घोषणा झाल्या. लंडनची ट्रेझरी, म्हणजे यूकेचं अर्थखातं, म्हणाली एकत्र राहिलात तर माणशी वर्षाला १४०० पाउंडांचा फायदा. तेव्हाचे इथले फर्स्ट मिनिस्टर सॅमंड साहेब, त्यांचं स्कॉटिश सरकार म्हणालं वेगळे झालात तर माणशी १००० पाउंडांचा फायदा, पण तो पुढच्या पंधराएक वर्षांत. एकाच दिवशी! ट्रेझरीने तर १४०० पाउंडांत काय काय येतं हे लेगोच्या बाहुल्यांची चित्रं टाकून समजावलं, लेगोवाल्यांनी हरकत घेतल्यावर ती काढावी लागली.

आणि नवीन देशाचा संसार मांडायचा खर्च, म्हणजे करखातं, परराष्ट्र खातं, कॉम्प्युटर सिस्टिम वगैरे, तो ट्रेझरीने काढला २७० कोटी पाउंड. कसा काढला? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासात एक नवं खातं उभं करायला दीड कोटी पाउंड लागतात असं होतं, त्याला १८० ने गुणलं. तो अभ्यास करणारे प्रोफेसर पॅट्रिक डनलिव्ही स्वतःच भडकले की माझ्या आकड्याचं हे काय केलंत, आणि त्यांनी स्वतः हिशेब केला तर सुरुवातीचा खर्च आला १५ ते २० कोटी. दहापटीहून जास्त फरक.

अर्थात सरकारी अंदाज कमी धरणारेही साधेसुधे नसतात. तुमच्या एडिंबरातली होलीरूडची पार्लमेंट बघा, आधी म्हणत होते ४ कोटींच्या आत होईल, २००४ ला उघडली तेव्हा ४१ कोटी पाउंडांच्या वर गेलेली. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही, तुम्हीही लक्षात ठेवा.

निवांत_पुणेकर

खुर्ची पकडून बसलो आहे. चालू द्या.

हिशेबनीस

ग्लासगोकर, तुम्ही सांगताय तो लग्नाच्या हॉलचा खर्च झाला. संसाराचं बोला ना.

संसाराचा हिशेब असा. दरवर्षी ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचा जमाखर्च जाहीर होतो आणि तो लंडनवाले काढत नाहीत, स्कॉटिश सरकारचेच आकडेतज्ज्ञ काढतात, म्हणून 'लंडनचा कट' वगैरे म्हणू नये. २०२३-२४ मध्ये तूट होती २२७० कोटी पाउंड, म्हणजे उत्तर समुद्रातल्या तेलाचा वाटा धरूनसुद्धा जीडीपीच्या १०.४ टक्के. त्याच वर्षी अख्ख्या यूकेची ४.५ टक्के. आज हा फरक दिसत नाही कारण एकत्र कुटुंबात कुणाची थाळी किती रुपयांची हे कुणी मोजत नाही. इथे माणशी सरकारी खर्च यूकेच्या सरासरीपेक्षा दोन हजार पाउंडांहून जास्त आहे. इथल्या पोरांना युनिव्हर्सिटीची फी नाही, औषधाच्या चिठ्ठीला पैसे नाहीत, म्हाताऱ्यांची घरी येऊन देखभाल होते ती फुकट. चांगलंच आहे, मीही घेतो. पण वेगळं झाल्यावर पहिल्या दिवशी यातलं काय ठेवायचं, कर किती वाढवायचा किंवा उधार किती आणि कुणाकडून घ्यायचं, हे ठरवावं लागेल. नवीन देशाला उधारी महाग पडते, त्याची अजून पत तयार झालेली नसते.

वर जुन्या कर्जाचा वाटा. जानेवारी २०१४ मध्ये ट्रेझरीने सांगून टाकलं की आजवर काढलेले सगळे रोखे आम्ही फेडू, स्कॉटलंडने त्याचा वाटा आम्हाला द्यायचा. बाजार घाबरू नये म्हणून. आज यूकेचं कर्ज अडीच लाख कोटी पाउंडांच्या वर आहे, लोकसंख्येने आठ टक्के धरले तर वीस हजार कोटींच्या वर स्कॉटलंडच्या माथी. सॅमंड म्हणायचे की पाउंड वापरू दिला नाहीत तर आम्ही वाटाही देणार नाही. आपल्याकडे ५५ कोटींवरून काय रामायण झालं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, वाटणी ठरलेली असून, करार झालेला असून पैसे अडकले होते. इथे तर करारच नाही.

पण लीथवाला, तुमचा म्हातारा सहकारी फार हुशार आहे. तूट, कर्ज, हे सगळं एका बाजूला आणि चलन एका बाजूला.

२०१४ ला स्कॉटिश सरकारचं म्हणणं होतं आपण पाउंड वाटून घेऊ, दोघांची एकच बँक ऑफ इंग्लंड. फेब्रुवारीत यूकेचा अर्थमंत्री ऑस्बोर्न एडिंबरात येऊन म्हणाला, यूकेतून निघालात तर पाउंडातूनही निघालात. लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट दोघांनीही मान डोलावली. मग ऑगस्टच्या टीव्ही डिबेटमध्ये 'नको'वाल्यांचा नेता डार्लिंगने एकच प्रश्न धरून ठेवला, तुमचा प्लॅन बी काय? सॅमंडसारखा बोलण्यात कुणाला न हरणारा माणूस, त्याला त्या रात्री उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या डिबेटला त्याने सगळं वसूल केलं ते वेगळं, पण प्रश्न राहिलाच. आजही राहिलाय. नंतरचं धोरण असं की सुरुवातीला परवानगीशिवायच ब्रिटिश पाउंड वापरायचा आणि जमेल तेव्हा स्वतःचा स्कॉटिश पाउंड आणायचा. परवानगीशिवाय वापरता येतो, पनामा नाही का डॉलर वापरत. पण मग नोटा छापायची सोय नाही, व्याजदर दुसऱ्या देशाची बँक तिच्या सोयीने ठरवणार, आणि तुमची बँक बुडायला लागली तर वाचवायला कुणी नाही. २००८ ला रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला वाचवायला ४५०० कोटी पाउंड ओतले होते. २०१४ ला याच बँकेने सांगितलं होतं, 'हो' झालं तर आम्ही कागदोपत्री लंडनला जाऊ.

आणि 'थोडे दिवस एकच चलन ठेवू' हे बोलायला सोपं आहे. चेक आणि स्लोव्हाक १ जानेवारी १९९३ ला अगदी गोडीगुलाबीने वेगळे झाले, निदान सहा महिने चलन एकच ठेवायचं ठरलं होतं. ८ फेब्रुवारीला मोडलं. सहा आठवडेसुद्धा नाही. लोकांनी पैसे चांगल्या चलनाच्या बाजूला पळवायला सुरुवात केली, शेवटी जुन्या नोटांवर तिकिटं चिकटवून वेगळ्या केल्या.

लीथवाला_नवखा

बाप रे. धन्यवाद हिशेबनीस, पण झोप परत उडाली.

त्या नोटांवरून आठवलं, गेल्या महिन्यात लंडनला गेलो होतो, एका दुकानात स्कॉटिश वीस पाउंडांची नोट दिली तर तो माणूस नोट उलटीसुलटी करून बघायला लागला, मग म्हणाला कार्ड आहे का. मला वाटलं मी खोटी नोट दिली की काय.

रानजाई

मी ॲबर्डीनला राहते, तेलाच्या गावात, आणि हो मी वेगळं होण्याच्या बाजूची आहे. वाटच बघत होते कोणी 'तूट तूट' करत कधी येतंय.

हिशेबनीस, ती तूट आजच्या घडीचा हिशेब आहे, यूकेत राहून यूकेच्या धोरणांनी झालेला. संरक्षणाचा वाटा त्यात आहे, फॅस्लेनच्या अणुपाणबुड्या आम्हाला नको असताना त्यांचाही, आणि त्या ग्लासगोपासून तासाभरावर उभ्या आहेत बरं का. लंडनने काढलेल्या कर्जाचं व्याज त्यात आहे. वेगळा झालेला देश हेच सगळं असंच चालवेल असं धरूनच तो हिशेब केलाय. सासरी राहणाऱ्या सुनेचा खर्च बघून ती वेगळी राहिली तर उपाशी मरेल असं म्हणण्यासारखं आहे हे.

आणि तेलाचं. १९७४ ला गॅव्हिन मॅक्रोन नावाच्या सरकारी अर्थतज्ज्ञाने अहवाल लिहिला होता की स्कॉटलंड वेगळं झालं तर तेलामुळे एवढी शिल्लक पडेल की लाज वाटावी, आणि त्याचं चलन, कदाचित नॉर्वेचं सोडलं तर, युरोपातलं सगळ्यात भक्कम होईल. तो अहवाल दाबून ठेवला, बाहेर आला २००५ ला. तीस वर्षं! त्या तीस वर्षांत नॉर्वेने तेलाचे पैसे साठवून फंड उभा केला आणि आमचे पैसे कुठे गेले ते ॲबर्डीनच्या रस्त्यांवरचे खड्डे बघून ओळखा. आता गंगाजळी नाही म्हणून तुम्ही गरीब आणि गरीब म्हणून वेगळं होऊ नका. वा.

शिवाय तुम्ही सगळे फक्त जाण्याचा खर्च मोजताय, राहण्याचा कोण मोजणार? २०१४ ला आम्हाला काय सांगत होते, 'नको' म्हणा, नाहीतर युरोपच्या बाहेर पडाल. युरोपियन कमिशनचा तेव्हाचा अध्यक्ष बरोजो सांगून गेला की पुन्हा आत येणं फार अवघड, जवळपास अशक्य. लोकांनी 'नको' म्हटलं. दोन वर्षांत ब्रेक्झिट! इथल्या ६२ टक्के लोकांनी युरोपात राहायचं म्हटलं होतं, तरी काढलं बाहेर. १९५५ नंतर इथे टोरींना, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला, एकदाही सगळ्यात जास्त जागा मिळालेल्या नाहीत, तरी वर्षानुवर्षं त्यांचं सरकार झेललंय. थॅचर बाईंचा तो पोल टॅक्स, म्हणजे डोईपट्टी, इंग्लंडच्या एक वर्ष आधी १९८९ ला इथे लावला. आमच्या शेजारच्या आजी अजून त्याची पावती फ्रीजला लावून ठेवतात, शिव्या द्यायला.

पैसे कमी पडतील, पडू देत थोडे दिवस. आयर्लंडला पडले नव्हते का?

हिशेबनीस

ताई, थोडे दिवस?? आयर्लंड १९२२ ला वेगळं झालं आणि त्यांचा पाउंड १९७९ पर्यंत इंग्लंडच्या पाउंडाला बांधलेला होता. सत्तावन्न वर्षं. मधल्या काळात पोरं बोटीत बसून इंग्लंडलाच कामाला जात होती.

१९७४ ला तेलाने शिल्लक पडली असती हे मान्य, त्यावर वादच नाही, तेव्हा निघाले असते तर गोष्ट वेगळी असती. पण स्कॉटिश सरकारची २०१३ ची स्वातंत्र्याची श्वेतपत्रिका काढून बघा, तेल पिंपाला ११० डॉलरच्या आसपास धरलेलं. स्वतंत्र व्हायची तारीखसुद्धा ठरली होती, २४ मार्च २०१६. त्याच वर्षी जानेवारीत तेल तिशीच्या खाली गेलं. त्यांनी पहिल्या वर्षाला तेलातून ६८० कोटी पाउंड तरी येतील असं धरलं होतं, आणि २०१५-१६ ला प्रत्यक्षात स्कॉटलंडच्या वाट्याला आले ६ कोटी. शून्य विसरलो नाहीये, सहाच.

रानजाई

आणि म्हणून लोकांनी स्वातंत्र्य तेलाच्या भावावर ठरवायचं? भाव उतरतो आणि चढतोही. बरं त्या वर्षी इथे ॲबर्डीनमध्ये नोकऱ्या गेल्याच ना, यूकेत असूनही गेल्या. माझ्याच मजल्यावरची दोन कुटुंबं परत गेली, एक नाशिकचं होतं. यूकेने त्यांच्यासाठी काय केलं?

आयर्लंडचं म्हणाल तर आज डब्लिन बघून या, मग सांगा कुणी चुकलं का.

वऱ्हाडी_ठेचा

हे सगळं वाचून मले तं वेगळ्या विदर्भाचीच चर्चा वाचून राहिलो असं वाटलं. तिकडे तेल, इकडे कोळसा न् वीज. आमचा खर्च कोण मोजते बे?

ग्लासगोकर

वऱ्हाडी भाऊ, वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. पण फरक मोठा आहे, विदर्भ वेगळा झाला तरी रुपया तोच, रिझर्व्ह बँक तीच, सीमेवर कस्टम नाही. इथे सगळी भीती त्या तीन गोष्टींचीच आहे.

सीमेचं कोणी बोललं नाही अजून, मी बोलतो. २०१४ आणि आतामध्ये खरा बदल तिथे झालाय. तेव्हा दोन्ही देश युरोपात राहणार असं धरून चालले होते, त्यामुळे इंग्लंडच्या सीमेवर ग्रेटनाला गाडी थांबवायचा प्रश्नच नव्हता. आता इंग्लंड बाहेर आणि समजा स्कॉटलंड आत गेलं, तर ग्रेटनाला आणि बेरिकला कस्टम लागणार. माणसांना अडवणार नाहीत बहुतेक, आयर्लंडशी आहे तशी ये-जा ठेवतील, पण ट्रक अडणार. आणि इथून बाहेर विकल्या जाणाऱ्या माल-सेवांतला साठ टक्के वाटा जातो इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला, युरोपला त्याच्या निम्म्याहूनही कमी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सवाल्यांनीच २०२१ ला हिशेब मांडला होता की वेगळं होण्याचा फटका ब्रेक्झिटच्या दोन ते तीन पट असेल. म्हणजे ताई, ब्रेक्झिट हे वेगळं होण्याचं सगळ्यात चांगलं कारण पण आहे आणि सगळ्यात मोठी अडचणसुद्धा. मी स्वतः २०१४ ला जितका पक्का होतो तितका आता नाही. (कशाबद्दल पक्का ते सांगणार नाही.)

अवांतर, व्हिस्कीचं बघा. भारत-यूके करार जुलै २०२५ ला झाला, त्यात स्कॉचवरची ड्युटी १५० वरून ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. तो करार यूकेशी आहे. स्कॉटलंड वेगळं झालं तर ज्याच्या नावाची दारू त्याचाच करार नाही, परत बोलणी करायची.

निवांत_पुणेकर

हा मुद्दा सर्वात गंभीर आहे. खुर्ची सोडून उभा राहिलो.

लीथवाला_नवखा

ताई आणि हिशेबनीस, दोघांचंही वाचताना पटतं हीच पंचाईत आहे. पण माझ्या घराचं काय? मुळात हे होणार आहे का नजीकच्या काळात? आणि इथे इन्कम टॅक्सही इंग्लंडपेक्षा जास्त पडतो असं पे-स्लिप बघून वाटतं, तो कशासाठी?

हिशेबनीस

टॅक्स आधी. २०१६ च्या कायद्याने पगारावरच्या कराचे दर आणि टप्पे ठरवायचा अधिकार होलीरूडला मिळाला. ४३,६६२ पाउंडांच्या वर इथे ४२ टक्के, इंग्लंडात ५०,२७० पर्यंत २० आणि मग ४०. पन्नास हजार पगार असेल तर वर्षाला साधारण दीड हजार पाउंड जास्त. वर सांगितलेली फुकट औषधं आणि कॉलेज त्यातूनच. तुमचा मुलगा पुढे इथे कॉलेजला गेला आणि तोपर्यंत तुम्ही कायमचे झालात तर वसूल.

आता होणार का. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय होलीरूडला सार्वमत घ्यायचा कायदा करता येत नाही. २०१४ च्या सार्वमताला ती परवानगी पंतप्रधान कॅमेरनने दिली होती, २०१२ ला एडिंबरात करारावर सही करून. त्यानंतर कुणी दिलेली नाही. २०२४ च्या यूकेच्या निवडणुकीत एसएनपीच्या, म्हणजे वेगळं व्हायचं म्हणणाऱ्या पक्षाच्या, ४८ च्या ९ जागा झाल्या. पण गंमत अशी की पक्ष आपटला तरी वेगळं व्हावं म्हणणारे लोक जवळपास निम्मे आहेत ते आहेतच, म्हणून कधीच होणार नाही असं मी म्हणणार नाही, म्हणजे म्हणायची इच्छा खूप आहे.

आणि घर. तुम्ही तीस वर्षांचं कर्ज घेताय असं वाटतं पण इथे दर बांधलेला असतो दोन किंवा पाच वर्षांसाठी, मग परत बोलणी. उद्या सार्वमत जाहीर जरी झालं तरी मतदान, मग वाटाघाटी, मग चलन, यात वर्षं जातील. धोका कुठे आहे ते समजून घ्या. पगार स्कॉटिश पाउंडात आणि कर्ज ब्रिटिश पाउंडात, आणि स्कॉटिश पाउंड दहा टक्के घसरला, तर १००० चा हप्ता तुम्हाला पडला ११०० च्या वर. कायदा करून कर्जही नव्या पाउंडात बदलून देतील की नाही हे कुणीच लिहून दिलेलं नाही. पण हे तुम्हाला वर्तमानपत्रात वर्षभर आधी दिसेल. २०१४ ला मतदानाच्या अकरा दिवस आधी एका पोलमध्ये 'हो' ५१ वर गेलं, दुसऱ्या दिवशी सोमवारी पाउंड घसरला. तशी वेळ आली तर तेव्हा काय ते करा. आज भाड्यात पैसे घालवू नका.

रानजाई

इथे मात्र हिशेबनीसांशी सहमत, आयुष्यात पहिल्यांदा. घर घ्या. आणि तुम्ही व्हिसावर असलात तरी होलीरूडच्या निवडणुकीला मत आहे तुम्हाला, नाव नोंदवलंय का? बहुतेक आपल्या लोकांना माहीतच नसतं.

त्या नोटेचं, खोटी नव्हती हो. तीन स्कॉटिश बँका नोटा छापतात आणि त्या नोटांच्या बदल्यात बँक ऑफ इंग्लंडमध्ये तारण ठेवावं लागतं, त्यासाठी खास दहा कोटी पाउंडांची एकेक नोट असते, तिला टायटन म्हणतात, तिजोरीबाहेर कधी येत नाही. आमची नोट त्यांच्या नोटेवर उभी आणि त्यांचाच दुकानदार घेत नाही. घ्या आता, मी का चिडते ते.

लीथवाला_नवखा

मत आहे हे खरंच माहीत नव्हतं, आजच नोंदवतो. आणि शनिवारी घर बघायला जातोय. लीथमध्येच, जुना टेनेमेंट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायकोला आवडलंय, मला जिने मोजून धाप लागली.

ग्लासगोकर

टेनेमेंट असेल तर छप्पर आधी बघा, खोल्या नंतर. छप्पर सगळ्या मालकांचं मिळून असतं, गळायला लागलं की खर्च वाटून घ्यायचा, आणि आठातला एक तरी असा निघतो की मी तळमजल्यावर राहतो, माझ्या डोक्यावर कुठे गळतंय. आमच्याकडे त्यात सव्वा वर्ष गेलं, बादल्या ठेवून राहिलो. शेजारी कोण कोण आहेत ते विचारून घ्या शनिवारी.